खेळाच्या आणि जगाच्या बातम्यांतून कामाचा धडा कसा काढावा

दोन-तीन वर्षांपूर्वी मी एक वही घातली होती. रोजच्या बातम्यांत जे मनाला भिडेल ते दोन ओळींत टिपायचे आणि त्याखाली त्यातून आपण काय शिकलो ते लिहायचे, असा साधा बेत होता. वर्ष उलटल्यावर ती वही चाळताना दिसले की अकरा वेगवेगळ्या बातम्यांखाली मी एकच वाक्य लिहून ठेवले आहे : ‘जिद्द सोडू नये.’ मॅरेथॉन धावणाऱ्याखाली तेच, बोगद्यातून सुटलेल्या मजुरांखाली तेच आणि चंद्रावर उतरलेल्या यानाखालीही तेच. इतक्या निरनिराळ्या माणसांनी इतक्या निरनिराळ्या परिस्थितीत केलेल्या गोष्टींचे सार जर एकाच वाक्यात मावत असेल, तर ते सार बातमीतून आलेले नव्हते. ते माझ्या डोक्यात आधीच तयार होते आणि मी ते प्रत्येक बातमीवर शिक्क्यासारखे उमटवत होतो. शिवाय त्या वाक्याने माझ्या वागण्यात तसूभरही फरक पडला नव्हता.

वही बंद केली नाही, पण वाचण्याची रीत बदलली. ती रीत येथे मांडतो. तिचा गाभा इतकाच की धडा निकालात सापडत नाही. निकाल लागण्याआधी कोणी काय ठरवले, कशाची तयारी केली आणि कोणती गोष्ट बदलली, त्यात तो असतो. म्हणून बातमीतली कृती शोधायची, ती आपल्या मापाची करायची आणि आठवडाभर करून पाहायची. प्रेरणा वाटली तर उत्तमच, पण ती सकाळी वाटते आणि संध्याकाळपर्यंत विरते, हा अनुभव बहुतेकांना असेल. तिच्यावर विसंबून काही उभे करता येत नाही.

ताजी बातमी मुरू द्यावी

पहिली शिस्त म्हणजे बातमी आली त्या दिवशी धडा लिहायचा नाही. त्या दिवशी फक्त घटना टिपायची : तारीख, ठिकाण, आकडे, आणि आपल्याला पडलेले प्रश्न. धड्याची जागा कोरी ठेवायची आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा त्या पानावर यायचे.

असे का, ते विनेश फोगाटच्या बातमीवरून कळते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ६ ऑगस्ट २०२४ रोजी तिने ५० किलो गटात लागोपाठ तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरी गाठली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या वजनात ती १०० ग्रॅम जास्त भरल्याने अपात्र ठरली. त्या दिवशी दुपारपर्यंत प्रत्येकाकडे धडा तयार होता. कोणी तिला बेफिकीर म्हणाले, कोणी तिच्या सोबतच्या चमूला दोष दिला, कोणाला त्यात कारस्थान दिसले, तर कोणी नशिबाच्या नावाने बोटे मोडली. नियम काय होता हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते. कुस्तीची स्पर्धा दोन दिवस चालते, दोन्ही दिवशी सकाळी वजन होते आणि त्यांपैकी कोणत्याही वजनात बसला नाही तर मल्ल स्पर्धेतून बाद होऊन थेट शेवटच्या क्रमांकावर जातो; आदल्या दिवशीच्या विजयांचा मग उपयोग उरत नाही. तिने क्रीडा लवादाकडे दाद मागितली, तेथे ती १४ ऑगस्टला फेटाळली गेली आणि त्या निमित्ताने नियमाच्या कठोरपणाची चर्चा झाली. जो आठवडाभर थांबला त्याला एक व्यक्ती चुकली की नाही यापेक्षा मोठी गोष्ट दिसली : ज्या कामात एकच मर्यादा ओलांडल्याने आधीचे सगळे बाद होते, त्या कामात ती मर्यादा रोज तपासावी लागते आणि तिच्या अगदी काठावर वावरण्याचा धोका किती, हे आधीच मोजावे लागते. अर्ज भरण्याची शेवटची वेळ, परीक्षेला लागणारे ओळखपत्र, प्रवासाच्या पारपत्राची मुदत, या साऱ्या त्याच जातीच्या मर्यादा आहेत.

हा धडा त्या खेळाडूवर ठपका ठेवत नाही, हेही लक्षात घ्यावे. ज्याने आयुष्यभर कष्ट केले त्याला आपण खुर्चीत बसून गुण द्यावेत, हा बातमी वाचण्याचा सर्वांत निरुपयोगी प्रकार आहे. आपल्याला हवी असते ती परिस्थितीची रचना.

निकालावर हात ठेवून वाचावे

दुसरी शिस्त थोडी चमत्कारिक वाटेल. बातमी वाचताना निकाल झाकायचा. तो आपल्याला ठाऊक असतोच, पण घटकाभर तो ठाऊक नाही असे धरून विचारायचे : त्या क्षणी त्या माणसाला काय माहीत होते, त्याच्यापुढे कोणते पर्याय होते आणि त्याने जे निवडले ते त्या माहितीवर योग्य होते का?

उंच उडीच्या दोन अंतिम फेऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या तर याची गरज पटते. १ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत कतारचा मुताझ बर्शिम आणि इटलीचा जानमार्को तांबेरी हे दोघेही २.३७ मीटरवर बरोबरीत आले आणि दोघांनाही २.३९ मीटर तीन प्रयत्नांत पार करता आले नाही. बरोबरी फोडण्यासाठी आणखी उड्या मारायच्या का, असे पंचांनी विचारले तेव्हा दोन सुवर्णपदके मिळू शकतील का, अशी विचारणा बर्शिमने केली. ती शक्यता नियमात होती आणि दोघांनी सुवर्ण वाटून घेतले. जगभर त्या मैत्रीचे गोडवे गायले गेले. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये न्यूझीलंडचा हमिश कर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकइवेन २.३६ मीटरवर असेच बरोबरीत आले. पर्याय तोच होता, पण हे दोघे पुन्हा उडी मारायला तयार झाले. त्यात करने सुवर्ण जिंकले आणि मॅकइवेनला रौप्यावर समाधान मानावे लागले. लगेच मॅकइवेनवर हावरेपणाचा आरोप करणाऱ्यांची रीघ लागली.

समजा, मॅकइवेनच जिंकला असता तर? तेच लोक त्याच्या धाडसाचे पोवाडे गात बसले असते, यात मला शंका नाही. निर्णय तोच, क्षण तोच. केवळ आडवा दांडा पडला की राहिला, यावर धडा उलटत असेल तर तो धडा दांड्याचा आहे, माणसाचा नाही. निकाल झाकल्यावर मात्र दोन्ही फेऱ्यांतून एक वापरता येण्याजोगी गोष्ट हाती येते. बर्शिमने विचारले म्हणून पर्याय उघड झाला. आपल्यापुढे दोनच वाटा आहेत असे जेव्हा समोरचा सांगतो, तेव्हा ‘नियमात तिसरी वाट आहे का?’ एवढे विचारायला काही लागत नाही. ती वाट घ्यायची की नाही हा नंतरचा प्रश्न. करने आणि मॅकइवेनने ती घेतली नाही, तेही त्यांच्या हिशेबाने चुकीचे नव्हते.

अभिनव बिंद्राची गोष्टही याच पानावर ठेवण्यासारखी आहे. बीजिंगमध्ये २००८ साली १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत शेवटच्या गोळीआधी तो आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बरोबरीत होते, बिंद्राने १०.८ गुणांची गोळी मारून सुवर्णपदक जिंकले, हॅकिनेनची ९.७ वर गेली आणि तो थेट कांस्यपदकावर घसरला. आठ वर्षांनी रिओमध्ये बिंद्रा चौथा आला. रिओची तयारी कमी होती असे म्हणायला आधार नाही, पण प्रेरणादायी भाषणांत रिओ सहसा येत नाही. ज्यांना तयारीबद्दल शिकायचे आहे त्यांनी दोन्ही वर्षे वाचावीत. ज्यांना केवळ टाळ्या वाजवायच्या आहेत त्यांना बीजिंग पुरेसे आहे.

बिघडले काय आणि बदलले काय

माझ्या वहीतले सर्वांत उपयोगी पान चांद्रयानाचे आहे, म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ घालवतो. ते पान कसे भरले ते पाहिले की पद्धतही समजेल.

सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे विक्रम हे अवतरणयान चंद्रावर अलगद उतरण्याऐवजी आदळले आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ अलगद उतरले. वर्तमानपत्रांचे मथळे या दोन टोकांवर होते : अश्रू आणि जल्लोष. धडा मधल्या चार वर्षांत होता आणि तो आतल्या पानावरच्या कोरड्या वाटणाऱ्या मजकुरात सापडला. इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी २०२३ च्या उड्डाणाआधी बिघाडाची कारणे उलगडून सांगितली होती. यानाच्या इंजिनांनी अपेक्षेपेक्षा थोडा अधिक रेटा दिला. त्यामुळे निर्माण झालेल्या चुका लगेच दुरुस्त झाल्या नाहीत, कारण त्या टप्प्यात छायाचित्रे घेण्यासाठी यानाला स्थिर राहायचे होते. चुका साठत गेल्या. दुरुस्तीची वेळ आली तेव्हा यानाला फार झपाट्याने वळावे लागणार होते आणि वळण्याच्या वेगावर तर मर्यादा घातलेली होती. त्यात उतरण्यासाठी ठरवलेली जागा ५०० मीटर लांब आणि ५०० मीटर रुंद एवढीच होती, त्यामुळे ती गाठण्यासाठी यान जमिनीजवळ आल्यावरही वेग वाढवत राहिले.

पुढच्या यानात काय बदलले? उतरण्याची जागा सुमारे ४ किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद केली. इंधन वाढवले. पाय अधिक मजबूत केले, म्हणजे थोड्या जास्त वेगाने टेकले तरी ते मोडू नयेत. वेग मोजणारे लेझरचे नवे उपकरण बसवले. यान कोणत्याही बाजूला कलले तरी वीज मिळावी म्हणून आणखी पृष्ठभागांवर सौरपट्ट्या लावल्या. पाच इंजिनांपैकी मधले एक काढून टाकले. या सगळ्यामागचा विचार सोमनाथ यांनी अपयशावर आधारित रचना असा सांगितला : काय काय नीट चालेल याची यादी करण्याऐवजी काय काय बिघडू शकते याची यादी करायची आणि ते बिघडले तरी यान उतरले पाहिजे, अशी तजवीज करायची.

या मजकुराला मी तीन प्रश्न विचारले आणि कोणत्याही अपयशाच्या किंवा पुनरागमनाच्या बातमीला तेच विचारतो. नेमके काय बिघडले? बिघाड वाढत असताना तो का थांबवता आला नाही? पुढच्या वेळी कोणती वस्तू किंवा कोणता क्रम बदलला? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जर ‘आम्ही अधिक मेहनत घेतली’ एवढेच असेल, तर बातमी अपुरी आहे असे समजून तपशील मिळेपर्यंत ते पान तसेच ठेवायचे. अधिक मेहनत ही गोष्ट घेऊन उद्या सकाळी काय करायचे, ते कोणालाच सांगता येत नाही.

उत्तरे मिळाल्यावर ती आपल्या मापाची करायची. ‘चुका साठत गेल्या, कारण त्या टप्प्यात दुरुस्ती करता येत नव्हती’ हे वाक्य वाचून मी थबकलो, कारण माझे महिन्याचे अहवाल असेच बिघडत. पहिले तीन आठवडे केवळ माहिती गोळा करायची आणि शेवटच्या दोन दिवसांत ताळा करायचा, ही माझी रीत होती. पहिल्या आठवड्यातली छोटी चूक शेवटच्या रात्री डोंगराएवढी होऊन पुढ्यात उभी राही. आता दर शुक्रवारी वीस मिनिटे ताळ्यासाठी ठेवतो. दुसरा बदल जागेचा. ‘पाच तारखेला सकाळी देतो’ असे म्हणण्याऐवजी ‘तीन ते पाच तारखेच्या दरम्यान देतो’ असे सांगू लागलो. उतरण्याची जागा मोठी झाली. आणि ते काढून टाकलेले इंजिन मी विसरलेलो नाही. सुधारणा म्हटले की आपण भर घालत सुटतो, पण त्या यादीत एक वजाबाकीही होती, म्हणून माझ्या अहवालातला कोणीही न वाचणारा एक तक्ता मी काढून टाकला. अजूनपर्यंत त्याची चौकशी कोणी केलेली नाही.

चौकटीबाहेर कोण उभे आहे

बातमीच्या छायाचित्रात बहुधा एकच माणूस असतो. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटते की आपणही एकट्यानेच करायला हवे, आणि ते जमत नाही म्हणून तो खट्टू होतो. यावर उपाय म्हणजे छायाचित्राच्या चौकटीबाहेर कोण आणि काय होते, ते शोधणे.

केनियाच्या एलिउद किपचोगेने १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात मॅरेथॉनचे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत कापले. मानवी मर्यादेबद्दल त्या दिवशी जे जे लिहिले गेले त्यात खोटे काही नव्हते. मात्र त्याच्याभोवती पाळीपाळीने धावून वारा अडवणारे आणि गती राखणारे ४१ धावपटू होते, पुढच्या गाडीतून रस्त्यावर लेझरच्या रेषा पडत होत्या आणि अशा सोयींमुळेच ही वेळ अधिकृत विक्रम म्हणून धरली गेली नाही. त्याआधी २०१७ साली मोंझा येथे असाच प्रयत्न २ तास २५ सेकंदांवर थांबला होता. यामुळे किपचोगे लहान होत नाही. उलट, अवघड काम करायचे तर आपल्यासाठी वारा कोण अडवील हे आधी ठरवावे, असा धडा त्यातून मिळतो आणि तो जिद्दीच्या पाठापेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचा आहे. परीक्षेच्या महिन्यात घरातले एखादे काम दुसऱ्याने उचलणे, हेसुद्धा वारा अडवणेच आहे.

कधी चौकटीबाहेर माणूस नसून वस्तू असते. डिक फॉस्बरीने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये दांड्यावरून पाठ खाली करून उडी मारली, २.२४ मीटर पार करून सुवर्णपदक मिळवले आणि पुढे जगाने ती रीत उचलली. वेगळा विचार करा, असे या गोष्टीचे तात्पर्य नेहमी सांगितले जाते. पण पूर्वी उडी मारणारा वाळूच्या किंवा भुशाच्या खड्ड्यात पडत असे. तेथे पाठीवर किंवा मानेवर पडणे म्हणजे जीवाशी खेळ होता. फोमच्या जाड गाद्या आल्या तेव्हा कुठे ही उडी शक्य झाली. म्हणजे फॉस्बरीच्या गोष्टीतून विचारण्याचा प्रश्न असा : आपल्या कामात अलीकडे कोणती गादी आली आहे, की जिच्यामुळे पूर्वी धोक्याची असलेली गोष्ट आता करून पाहता येईल?

सिलक्यारा बोगद्याच्या बातमीत तर चौकटीबाहेरची माणसे शेवटी चौकटीत आली आणि धडा काढणाऱ्यांची पंचाईत झाली. उत्तराखंडात १२ नोव्हेंबर २०२३ रोजी बांधकाम चालू असलेला बोगदा कोसळून ४१ मजूर आत अडकले. ढिगाऱ्यातून पोलादी नळ घुसवणारे यंत्र शेवटच्या दहा-बारा मीटरांवर मोडले आणि ते अंतर ‘रॅट होल’ पद्धतीने, म्हणजे अरुंद बिळात शिरून हाताने खणणाऱ्या कामगारांनी पार केले. सतराव्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, सगळे सुखरूप बाहेर आले. यंत्र हरले, माणूस जिंकला, असा मथळा मनाला सुखावतो. परंतु कोळशाच्या खाणींतील ही पद्धत अतिशय धोकादायक म्हणून राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्येच तिच्यावर बंदी घातली होती आणि ज्या माणसांनी ती अंगी बाणवली होती त्यांनी ती हौसेने शिकलेली नव्हती. शिवाय त्या अखेरच्या मीटरांपर्यंत त्यांना नेऊन सोडले ते यंत्रानेच. जुगाडाची थोरवी सांगण्यासाठी हे उदाहरण वापरू नये. माझ्या वहीत त्याखाली एवढेच आहे : ‘मुख्य साधन मोडले तर हाताने काम करू शकणारा माणूस आपल्या ओळखीत आहे का, आणि त्याला आपण एरवी कोणत्या मोलाने वागवतो?’ दुसऱ्या अर्ध्याचे उत्तर देणे मला अजून जड जाते.

दुःखाच्या बातम्यांना वेगळा नियम

अपघात, भूकंप, युद्ध यांच्या बातम्यांतून प्रेरणा शोधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्याचे घर पडले त्यातून आपल्याला उभारी मिळावी, ही अपेक्षाच मुळात ओंगळ आहे. अशा बातमीतून फार तर कार्यपद्धती घ्यावी, आणि तीही जेथे ती स्पष्ट दिसत असेल तेथेच.

टोकियोच्या हानेडा विमानतळावर २ जानेवारी २०२४ रोजी उतरणारे प्रवासी विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. तटरक्षक दलाच्या विमानातील सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. ते आदल्या दिवशीच्या भूकंपातील पीडितांसाठी मदत घेऊन निघाले होते. प्रवासी विमानातील सर्व ३७९ जण मात्र बाहेर पडले. आठांपैकी तीनच दरवाजे वापरण्याजोगे होते, घोषणा देणारी यंत्रणा बंद पडली होती, कर्मचाऱ्यांनी हातातले भोंगे आणि स्वतःचा आवाज वापरला, आणि प्रवाशांनी सामानाला हात लावला नाही. याला चमत्कार म्हणून सोडून देणे मला पटत नाही. घोषणा यंत्रणा नसली तर काय करायचे, याचा सराव कोणीतरी करून घेतला होता म्हणून ते घडले. ही बातमी वाचून मी दोनच गोष्टी केल्या. विमानात बसल्यावर सर्वांत जवळच्या दरवाजापर्यंत किती रांगा आहेत ते मोजू लागलो, कारण धुरात डोळ्यांचा उपयोग होत नाही. आणि घरातील सर्वांना आग लागल्यास बाहेर कोठे जमायचे ती जागा ठरवून दिली. बातमीतील पाच मृत्यूंसमोर हे फार लहान वाटते, पण कार्यपद्धती म्हणून आपल्या हाती येते ती एवढीच.

युद्धाच्या बहुतेक बातम्यांखाली मी धड्याची जागा कोरीच ठेवतो. काही बातम्या केवळ माहीत असाव्यात म्हणून वाचायच्या असतात.

संथ बातम्यांसाठी एक पान राखावे

रोजच्या बातम्यांचा कल घटनेकडे असतो. जे वीस-तीस वर्षे हळूहळू सुधारत जाते ते कोणत्याच दिवशी मथळा होत नाही. अंटार्क्टिकावरील ओझोनच्या विरळ होत गेलेल्या थराची बातमी १९८५ मध्ये आली, दोन वर्षांत ओझोनला घातक रसायने रोखणारा माँट्रियल करार झाला, पुढे जगातील सर्व देश त्यात आले आणि थर भरून येत असून अंटार्क्टिकावर तो २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असा संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने काम करणाऱ्या तज्ज्ञांचा २०२३ मधील अंदाज आहे. ही यशाचीच बातमी आहे, पण तिला ऐंशी वर्षे लागतात. वर्षातून दोनदा अशी एखादी जुनी बातमी उघडून ‘तिचे पुढे काय झाले?’ एवढे पाहिले, तर जगात केवळ कोसळणेच चालू आहे हा समज सैल होतो. प्रकृतीची किंवा बचतीची उद्दिष्टे ठेवणाऱ्यांना या पानाचा विशेष उपयोग होतो.

धावफलक वाचायला शिकावे

खेळाची बातमी लिहिणारा आपल्याला गोष्ट सांगतो. धावफलक गोष्ट सांगत नाही, म्हणून धडा काढण्यासाठी तोच आधी वाचावा. भारताचा संघ १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला ३६ धावांत बाद झाला आणि ठीक एक महिन्याने, १९ जानेवारी २०२१ रोजी, ब्रिस्बेनला ३२८ धावांचा पाठलाग करून त्याने मालिका जिंकली. सर्वांना या दोन तारखा आठवतात. माझे आवडते पान मधल्या सिडनी कसोटीचे आहे, जी कोणीच जिंकली नाही. ४०७ धावांचे लक्ष्य होते, भारताने १३१ षटके फलंदाजी करून ५ बाद ३३४ धावा केल्या आणि सामना वाचवला. हनुमा विहारीने १६१ चेंडूंत नाबाद २३ आणि रविचंद्रन अश्विनने १२८ चेंडूंत नाबाद ३९ धावा केल्या. विहारीच्या मांडीचा स्नायू दुखावलेला होता आणि अश्विनची पाठ धरलेली होती.

१६१ चेंडूंत २३ धावा हा आकडा नेहमीच्या मोजपट्टीवर अगदी भिकार आहे. पण त्या दिवशी मोजायची गोष्ट धावा नव्हतीच; उरलेली षटके होती. येथे वहीत लिहिण्याचा प्रश्न सहज सुचतो : ‘आज माझे काम धावा काढण्याचे आहे की षटके संपवण्याचे?’ आजारपणातून उठलेल्या माणसाने, नोकरी गेलेल्याने, घरात तान्हे मूल असलेल्यांनी काही आठवड्यांसाठी मोजपट्टीच बदलावी, हे मला कोणत्याही उपदेशापेक्षा त्या धावफलकाने पटवले.

आकड्यांच्या जोडीला एक सावधगिरी. नामवंत खेळाडूंच्या आणि नेत्यांच्या नावावर फिरणारी सुवचने वहीत घेऊ नयेत. ती कोणत्या मुलाखतीत, कोणत्या दिवशी म्हटली गेली हे सापडले नाही, तर ती त्यांची नाहीतच असे धरून चालावे; वाक्य जितके गुळगुळीत तितका संशय अधिक. मुलांना गोष्ट सांगतानाही हाच निकष लावावा. सुवचनापेक्षा ‘१६१ चेंडू’ त्यांच्या अधिक लक्षात राहतात, आणि पुढचा प्रश्न तीच विचारतात.

वहीचे पान कसे असावे

आता पानाची मांडणी, जी मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण आधी ती दिली असती तर तुम्ही कप्पे आखून मोकळे झाला असता. वरच्या भागात बातमी तीन-चार ओळींत, आकड्यांसह. त्याखाली ‘त्या वेळी त्यांना काय माहीत होते’ आणि ‘काय केले किंवा बदलले’ अशा दोन नोंदी. मग थोडी रिकामी जागा, आठ-दहा दिवसांनंतरच्या दुरुस्तीसाठी. सर्वांत खाली एकच कृती, क्रियापदासह आणि वारासह : ‘शुक्रवारी वीस मिनिटे ताळा’ ही नोंद चालते, ‘सजग राहावे’ ही चालत नाही. आठवड्याला एकापेक्षा अधिक पाने भरू नयेत. जो रोज धडा काढतो त्याच्याजवळ पालन करण्याइतका वेळ उरत नाही, आणि मग वही पुन्हा सुविचारांची होते.

आठवड्यानंतर कृतीपुढे खूण करायची : केली, केली पण जमली नाही, केलीच नाही. तिसरी खूण लागोपाठ दोनदा आली तर कृती अर्धी करावी. ती पुन्हा आली तर पानावर आडवी रेघ मारून पुढे जावे, त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नये. दर तीन महिन्यांनी सगळी वही चाळताना मी दोनच गोष्टी पाहतो : कोणत्या दोन पानांखाली एकच कृती आली आहे, म्हणजे शिक्का पुन्हा हाती घेतला गेला का, आणि कोणत्या पानावर नंतर कळलेल्या माहितीने आधीचा धडा खोटा ठरला आहे. गेल्या खेपेस चोवीस पानांपैकी नऊंवर रेघा होत्या. किपचोगेच्या पानावर रेघ नाही, मात्र त्या पानाच्या कडेला मी माझ्यासाठी वारा अडवणाऱ्यांची नावे लिहायला घेतली होती, ती यादी दुसऱ्या नावापुढे गेलेली नाही.